कथा कुठे ठेवायची, हे आधी ठरवावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझ्या महाविद्यालयात शिकणाऱ्या भाचीचे एका कथा-अ‍ॅपवरचे खाते अचानक बंद झाले आणि सहा महिने रात्री जागून लिहिलेले बावीस भाग तिच्या हातून गेले. कथा एका मालिकेतल्या दोन पात्रांवर बेतलेली होती. म्हणजे जिला फॅन फिक्शन म्हणतात ती. दुसरी प्रत कुठे ठेवली होतीस का, असे विचारल्यावर ती म्हणाली, "मावशी, मी थेट तिथेच टाईप करायचे." वीस वर्षांपूर्वी माझ्या अकरा कथा अशाच एका संकेतस्थळाबरोबर बुडाल्या, तेव्हा मीही हेच उत्तर दिले होते. म्हणून हे पत्र.

फॅन फिक्शन लिहिणाऱ्यांना बिऱ्हाड हलवण्याची सवय असते. जिओसिटीज या संकेतस्थळावर लोकांनी उभारलेली मोफत पाने २००९ मध्ये बंद झाली, ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी मिटले, याहू ग्रुप्सवरचे वर्षानुवर्षांचे जुने संदेश आणि फायली काढून टाकण्याचा निर्णय २०१९ च्या अखेरीस अंमलात येऊ लागला. मात्र जागा बंद पडणे हा एकच धोका नव्हे. जागा चालू राहते आणि नियम बदलतात, तेव्हा नुकसान अधिक अनपेक्षित असते. फॅनफिक्शन डॉट नेटने २००२ मध्ये प्रौढांसाठीच्या कथांना मज्जाव केला. टंबलर या ब्लॉग-संकेतस्थळाने डिसेंबर २०१८ मध्ये प्रौढ मजकुरावर बंदी घातली, ती घोषणेनंतर अवघ्या दोन आठवड्यांत लागू झाली.

यांतला सर्वांत बोलका प्रसंग लाइव्हजर्नल या ब्लॉग-संकेतस्थळाचा. इंग्रजी फॅन फिक्शनचे ते त्या काळचे माहेरघर होते. मे २००७ मध्ये बाहेरच्या एका गटाच्या तक्रारीवरून तिथली सुमारे ५०० खाती एका फटक्यात स्थगित करण्यात आली. निवाडा कथा वाचून झाला नव्हता. खातेदारांनी स्वतःच्या ओळखीच्या पानावर आवडीचे विषय म्हणून जे शब्द नोंदवले होते, त्यांवरून तो झाला होता, आणि त्यामुळे अत्याचार सोसलेल्या व्यक्तींचे आधारगटही त्यात भरडले गेले. स्थगित खात्याच्या नावावर मधोमध रेघ मारलेली दिसे. कंपनीने पुढे माफी मागून बरीच खाती परत सुरू केली, पण आपल्या मैत्रिणींच्या नावांवर अशा रेघा एका रात्रीत उमटलेल्या ज्यांनी पाहिल्या, त्यांना तिथे पुन्हा पूर्वीसारखे निर्धास्त वाटणे अवघड होते.

त्याच वर्षी चाहत्यांनी ना-नफा तत्त्वावर 'ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स' ही संस्था उभी केली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये तिचे 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे संकेतस्थळ सर्वांसाठी खुले झाले. तिथे जाहिराती नाहीत, खर्च देणग्यांवर चालतो, काम स्वयंसेवक करतात, आणि कोणतीही कथा वाचक फाइल म्हणून उतरवून घेऊ शकतो. आज तिथे एक कोटीहून अधिक कथा आणि इतर कृती आहेत. २०१९ मध्ये या संग्रहाला विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या क्षेत्रातला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. मला त्यातली एक सोय फार समजूतदार वाटते. लेखिकेला एखादी जुनी कथा आपल्या नावावर नको झाली, तर ती कथा वाचकांसाठी तशीच ठेवून फक्त आपले नाव तिच्यावरून काढून घेता येते. ज्यांनी स्वतः कथा लिहिल्या आणि गमावल्या, त्यांनाच अशी सोय सुचू शकते. याच संस्थेचा एक उपक्रम बंद पडत चाललेले जुने कथासंग्रह, ते चालवणाऱ्यांच्या संमतीने, आपल्याकडे आणून जपतो.

याचा अर्थ सर्वांनी डोळे मिटून तिथेच जावे, असे मी म्हणणार नाही. तिथे मराठी भाषेची नोंद करता येते, पण मराठी कथा मोजक्याच आहेत, त्यामुळे मराठीत लिहिणाऱ्या मुलीला वाचक हवे असतील तर तिला दुसरीकडेही कथा टाकावी लागेल. शिवाय खुल्या ठेवलेल्या कथा कोणीही उचलू शकतो. २०२५ मध्ये तिथल्या लक्षावधी कथा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी परस्पर गोळा केल्याचे उघडकीस आले, तेव्हा अनेकांनी आपले लेखन केवळ खातेदारांनाच दिसेल असे करून घेतले. त्याने लेखन काहीसे सुरक्षित झाले, पण सहज वाट चुकून येणारा अनोळखी वाचक दुरावला. ही निवड सोपी नाही आणि ती प्रत्येकीने स्वतःच करायची आहे.

पैशाचे आमिष असेल तिथे तर अटी दोनदा वाचाव्यात. अ‍ॅमेझॉनने २०१३ मध्ये 'किंडल वर्ल्ड्स' नावाने परवानाधारक फॅन फिक्शन विकायला सुरुवात केली. लेखकांना मानधन मिळे, प्रकाशनाचे हक्क मात्र कंपनीकडे जात. २०१८ मध्ये तो उपक्रम बंद झाला, आणि त्या कथांतली पात्रे मुळात दुसऱ्याची असल्याने त्याच कथा मूळ मालकाच्या परवानगीविना अन्यत्र विकण्याची वाटही लेखकांना राहिली नाही.

आपल्या भाषेत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरपद्धती, रुळण्यापूर्वी मराठी मजकूर ज्याच्या त्याच्या फॉन्टमध्ये लिहिला जाई. माझ्या अकरांपैकी दोन कथा एका जुन्या सीडीवर सापडल्या, पण उघडल्यावर पडद्यावर दिसली ती नुसती रोमन अक्षरे आणि चिन्हे. ओळींची लांबी तेवढी ओळखीची होती. त्यांपैकी एक कथा मी सायबर कॅफेत पाठकोऱ्या कागदावर छापून घेतली होती, आणि माझ्याकडे वाचण्याजोगी उरलेली तेवढीच. त्या कागदाच्या समासात मी एका अनोळखी वाचक बाईंचा अभिप्राय पेन्सिलीने उतरवून ठेवला आहे: नायिका स्टेशनवर थांबली ते बरे केलेत. कथा एक वेळ पुन्हा लिहिता येते, असे अभिप्राय परत येत नाहीत. त्यामुळे स्थलांतर करताना कथेबरोबर तिच्याखालची चर्चाही उतरवून घ्यावी, हे मुलींना आवर्जून सांगायला हवे.

माझी आपणास विनंती आहे की, आपल्या युवा पुरवणीत कथा कशी लिहावी यावर जसे लेख येतात, तसेच लिहिलेली कथा कुठे ठेवावी, त्या जागेचा मालक कोण, ती कशावर चालते आणि तिथून आपले लेखन बाहेर कसे काढता येते, यांवरही जाणकारांकडून लिहून घ्यावे. मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापकांनीही याकडे पोरखेळ म्हणून पाहू नये. त्यांच्या वर्गातील अनेक मुली दररोज मराठीत लिहीत आहेत, फक्त त्या वहीत लिहीत नाहीत.

भाचीने 'आर्काइव्ह'च्या प्रतीक्षायादीत नाव नोंदवले आहे, कारण तिथे खाते निमंत्रणानेच मिळते. तिथला अप्रकाशित मसुदा महिनाभरात आपोआप पुसला जातो, हेही मी तिला सांगून ठेवले आहे. निमंत्रण येईपर्यंत ती पहिल्या भागापासून आठवून पुन्हा लिहीत आहे, या वेळी घरच्या संगणकावरच्या फाइलमध्ये. दुसरी प्रत तिने माझ्याकडे पाठवायला सुरुवात केली आहे, आणि काल रात्री तिसरा भाग आला.

आपली नम्र,
एक वाचक, नाशिक