कोरिया वस्त्रसहल : निघण्यापूर्वी

सभासदांनो, पासपोर्टची प्रत आणि उरलेला हप्ता येत्या शनिवारपर्यंत द्या. तिकिटं त्यापुढे थांबवता येणार नाहीत.

सोलनंतर आपण हानसानला मोशी कापड पाहणार आहोत. हे कापड रॅमी नावाच्या झुडपापासून बनतं. त्याच्या सालीचे तंतू तिथल्या बायका दातांनी चिरून सूत करतात. कोरड्या हवेत धागा तुटतो, म्हणून विणकाम दमट खोलीत चालतं. २०११ पासून ही कला युनेस्कोच्या यादीत आहे. माग चालू असताना दारं-खिडक्या उघडू नका. पंखा तर मागूच नका!

पुढे नाजू शहरात निळीच्या पिंपात स्वतः हात घालायचाय. जुने कपडे आणि एक पांढरा सुती रुमाल घ्या. पॉलिएस्टरवर नीळ नीट चढत नाही. शाकाहारींनी नावं आजच कळवा, तिकडे भाजीच्या रश्शातही बरेचदा मासळी असते.