जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत उत्पादनाचा महिनाही छापा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कराडजवळ हायवेलगत माझं गॅरेज आहे. आपल्या छोट्या जाहिरातींतल्या जुन्या गाड्यांच्या रकान्यावर पेनानं खूण करून माणसं ते पान माझ्याकडे घेऊन येतात. 'स्कॉर्पिओ, १८ मॉडेल, फर्स्ट ओनर, एमएच ११ पासिंग, टायर नवीन.' बहुतेक जाहिराती एवढ्यावरच थांबतात. मग सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, मिस्त्री, कोणत्या सालची घेऊ? ऊसबिल जमा झालं की असे लोक वाढतात. त्यातले बरेच जण सोसायटीचं किंवा पतसंस्थेचं कर्ज काढून गाडी घेणारे असतात, म्हणून हे पत्र.

जाहिरातीतलं '१८ मॉडेल' हे बहुतेक वेळा पासिंगचं, म्हणजे आरटीओत नोंदणी झाल्याचं वर्ष असतं. गाडी कारखान्यात कधी बनली ते त्यावरून कळत नाही. डिसेंबरात सूट मिळते म्हणून माणूस गाडी ठरवतो आणि पासिंग जानेवारीत करून घेतो, म्हणजे विकताना साल पुढचं सांगता येतं. अशी कागदावर २०१८ ची असलेली गाडी प्रत्यक्षात २०१७ च्या पावसाळ्यात बनलेली असू शकते. आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष वेगळं छापलेलं असतं, तिकडे फारसं कुणी बघत नाही. चेसिस म्हणजे गाडीचा सांगाडा, त्यावरचा नंबर १७ अक्षरी असतो. बऱ्याच कंपन्यांच्या नंबरात दहावं अक्षर वर्षाचं असतं: एच म्हणजे २०१७, जे म्हणजे २०१८, के म्हणजे २०१९, एल म्हणजे २०२०. मधलं आय वगळलेलं आहे. सगळ्याच कंपन्या ही रीत पाळत नाहीत, त्यामुळे आधी आरसी वाचावी आणि मग चेसिसवर ठोकलेला नंबर तिच्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघावा.

महिन्याला एवढं महत्त्व का, ते स्कॉर्पिओवरूनच सांगतो, कारण आमच्या भागात सर्वात जास्त विचारणा तिचीच. ही गाडी २००२ साली बाजारात आली. सप्टेंबर २०१४ मध्ये तिची चेसिस बदलली. म्हणजे '२०१४ ची स्कॉर्पिओ' या एका नावाखाली दोन वेगळ्या गाड्या विकल्या जातात. नोव्हेंबर २०१७ मध्ये वरच्या मॉडेलला १४० हॉर्सपॉवरचं इंजिन मिळालं, त्याआधी ते १२० चं होतं. तेव्हा '१७ मॉडेल' म्हटल्यावरही नेमकं काय हातात येणार ते महिना कळल्याशिवाय सांगता येत नाही. शिवाय जुन्या गाडीला नव्या मॉडेलची जाळी आणि दिवे बसवून देणारे लोक आहेत. तोंड पाहून साल ओळखणाऱ्यांची तिथेच फसगत होते.

नव्या बांधणीच्या गाडीचं पहिलं वर्ष मी टाळायला सांगतो. कारखान्यात कितीही चाचण्या झाल्या तरी आपल्या रस्त्यांवर, आपल्या डिझेलवर हजारो गाड्या फिरल्यावरच काही गोष्टी उघड होतात. मग कंपनी पुढच्या लॉटमध्ये पार्ट बदलते, आणि त्याची जाहिरात होत नाही. चाकणला बनलेली एक्सयूव्ही ५०० सप्टेंबर २०११ ला आली, २०१५ ला आणि पुन्हा एप्रिल २०१८ ला सुधारली, २०२१ ला बंद झाली. तिच्यात इलेक्ट्रॉनिक्स भरपूर आहे. त्यामुळे बजेट बसत असेल तर २०१८ नंतरचीच बघा, असं मी सांगतो. सुरुवातीच्या वर्षांतली कितीही स्वस्त मिळाली तरी मन घालू नका.

रांजणगावला बनणाऱ्या नेक्सॉनचं उदाहरण तर मी सगळ्यांना देतो. गाड्या किती सुरक्षित ते तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत तिला ऑगस्ट २०१८ मध्ये ४ तारे मिळाले. कंपनीनं बदल केले आणि डिसेंबर २०१८ मध्ये तीच गाडी ५ तारे मिळवणारी पहिली भारतीय कार ठरली. दिसायला गाडी तीच. पण २०१९ च्या जानेवारीत पासिंग झालेली नेक्सॉन त्या बदलाआधी बनली की नंतर, हे उत्पादनाचा महिना पाहिल्याशिवाय कळणार नाही. घरची लेकरं मागच्या सीटवर बसणार आहेत, तेव्हा हा फरक मी किरकोळ मानत नाही.

ब्रेझाचं सोपं आहे. मार्च २०१६ पासून ती फक्त डिझेलमध्ये होती, फेब्रुवारी २०२० मध्ये डिझेल बंद होऊन ती पेट्रोलमध्ये आली. आधी आपलं महिन्याचं रनिंग किती ते ठरवा, साल आपोआप ठरतं. पेट्रोल घेणाऱ्यांनी आणखी एक तारीख लक्षात ठेवावी. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ते सोसणारे रबर, पाइप, सील १ एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांत असतात. त्याआधीची गाडी घेऊ नये असं नाही, पण फ्युएल लाइन तपासून घ्यावी.

डिझेलवाल्यांसाठी खरी सीमारेषा १ एप्रिल २०२० ही आहे. त्या दिवसापासून बीएस-४ जाऊन बीएस-६ हा धुराचा कडक नियम लागू झाला आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी धरून ठेवणारा फिल्टर आला, डीपीएफ. ती काजळी जाळायला गाडी मधूनमधून हायवेवर काही वेळ सलग, चांगल्या वेगात चालावी लागते. जो माणूस गावातून शेतात, शेतातून बाजारात एवढंच फिरतो, त्याच्या गाडीत हा फिल्टर चोंदतो आणि बदलायचा म्हटला तर खर्च डोळे पांढरे करणारा असतो. हवेसाठी नियम योग्यच आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण ज्याचं रोजचं फिरणं पाच-सात किलोमीटरचं आहे, त्यानं बीएस-६ डिझेल घेऊ नये.

दुसऱ्या बाजूला, एप्रिल २०१९ पासून सगळ्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं आणि जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सर. त्याआधीच्या खालच्या व्हेरियंटमध्ये यातलं बरंच काही नसायचं. म्हणून कमी रनिंगच्या शेतकरी गिऱ्हाईकाला डिझेलच हवं असेल, तर मी जुलै २०१९ पासून २०२० च्या सुरुवातीपर्यंत बनलेली बीएस-४ गाडी शोधायला सांगतो. सुरक्षेची साधनं आलेली, डीपीएफ अजून आलेला नाही. मात्र मार्च २०२० चं पासिंग दिसलं म्हणून लगेच हुरळून जाऊ नये. मुदत संपायच्या आत जुना साठा काढायची तेव्हा घाई होती, त्यातल्या काही गाड्या बऱ्याच आधी बनून यार्डात उभ्या होत्या.

आता आपल्या भागातली सर्वात महत्त्वाची गोष्ट. ऑगस्ट २०१९ ला सांगली-कोल्हापूर पाण्यात होतं. जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, आणि चिपळूण आमच्यापासून कुंभार्ली घाट उतरलं की आलंच. त्या पाण्यात गेलेल्या गाड्या भंगारात गेल्या असं समजू नका. धुऊन, सीट कव्हर बदलून कितीतरी पुन्हा विक्रीला आल्या. एक तरुण कर्जावर गाडी घेऊन माझ्याकडे आला होता. साल चांगलं, किलोमीटर कमी, रंग आरशासारखा. पावसाळा लागला आणि दिवे आपोआप लागायला लागले, स्टार्टर दगा देऊ लागला. कार्पेट उचललं तर खाली वाळलेला गाळ, वायरिंगच्या सॉकेटमध्ये हिरवी बुरशी धरलेली. विकणाऱ्यानं हात वर केले. त्या पोराचे हप्ते अजून चालू आहेत. म्हणून एमएच ०८, ०९, १० (रत्नागिरी, कोल्हापूर, सांगली) पासिंगची, पुराच्या आधी बनलेली गाडी असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, पट्ट्यावर पाण्याची रेघ दिसते का. सीटखालच्या बोल्टांना गंज आहे का, तेही पाहा. पासिंग दुसरीकडचं असलं तरी हे करा, गाडी पुराच्या वेळी कुठे होती ते नंबर सांगत नाही. विम्याची पॉलिसी मागा. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असतो. एकच मालक, पाच-सहा वर्षांची गाडी आणि बोनस शून्य असेल, तर क्लेम कशाचा घेतला होता हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दिल्लीकडून येणाऱ्या स्वस्त डिझेल गाड्यांबद्दलही थोडं. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून त्या एनओसी (तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला) घेऊन इकडे येतात. डिसेंबर २०१५ ते ऑगस्ट २०१६ या काळात दिल्ली परिसरात २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी बंद होती. त्या वेळी स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही तिथे १.९९ लिटरच्या इंजिनसह विकल्या गेल्या. इंजिन वाईट नाही, पण इकडच्या २.२ लिटरच्या गाडीपेक्षा ते वेगळं आहे, हे पार्ट मागवण्याआधी माहीत हवं. इथला रोड टॅक्स भरल्यावर स्वस्ताई किती उरते, तेही आधी मांडून बघावं.

नीट सांभाळलेली २०१६ ची गाडी हयगय केलेल्या २०१९ च्या गाडीपेक्षा केव्हाही चांगली, हे कुठलाही फिटर सांगेल. पण सांभाळ तपासायला माणूस गाडीपर्यंत पोचावा लागतो, आणि कुठल्या गाडीपर्यंत पोचायचं हे तो आपल्या रकान्यावरून ठरवतो.

म्हणून माझी आपल्याला मनापासून विनंती आहे. जुन्या गाडीची जाहिरात घेताना उत्पादनाचा महिना आणि वर्ष, बीएस-४ की बीएस-६, पहिलं पासिंग कुठल्या आरटीओचं आणि चालू पॉलिसीतला नो क्लेम बोनस, एवढं विचारून छापावं. एका ओळीत मावेल. काउंटरवर आरसीची झेरॉक्स मागितली तर ही बहुतेक माहिती तिच्यावरच मिळेल. आणि ज्यानं महिना सांगायला नकार दिला, त्याच्या जाहिरातीत त्या जागी 'उत्पादनाचा महिना दिलेला नाही' असं छापावं.

आपला नियमित वाचक,
एक गॅरेजचालक, कराड (जि. सातारा)