कर्ज तिप्पट होईल, पण बुडणाऱ्या गावाला विचारणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक बँकेसारख्या संस्थांच्या सुधारणेचा विषय निघाला की चर्चा भांडवलावर येऊन थांबते. २०२३ मध्ये भारताच्या अध्यक्षपदाच्या काळात जी-२० ने नेमलेल्या एन. के. सिंह व लॉरेन्स समर्स यांच्या गटानेही २०३० पर्यंत कर्जवाटप तिप्पट करावे, असे सुचवले. पैसा हवाच. पण आम्हा खान्देशवासीयांना आधी विचारावेसे वाटते, की हा पैसा कोणाला विचारून येणार?

नर्मदेवरील सरदार सरोवर धरणासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले, तेव्हा प्रकल्पाला केंद्राची पर्यावरण मंजुरीही नव्हती. ती आली १९८७ मध्ये. बुडणाऱ्या गावांत आपल्या अक्राणी-अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ आदिवासी गावे होती. कित्येक गावांची मोजणीच झालेली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा सातबारा नाही, म्हणून कसणारा सरकारदरबारी अतिक्रमणदार ठरला. डोंगर सुटला, नदी सुटली, मोहाची झाडे पाण्याखाली गेली आणि तळोदा-शहाद्याच्या वसाहतींत हक्काच्या जमिनीसाठी वर्षानुवर्षे अर्ज करत फिरावे लागले. नर्मदाकाठच्या माणसांनी लढा दिला म्हणून बँकेला प्रकल्पाची स्वतंत्र तपासणी करणारी मोर्स समिती नेमावी लागली. १९९२ च्या अहवालात समितीने बँकेलाच मागे हटायला सांगितले आणि १९९३ मध्ये उरलेले कर्ज थांबले.

त्याच वर्षी बँकेने तक्रारींसाठी इन्स्पेक्शन पॅनेल हे चौकशी मंडळ स्थापन केले. त्यामागे नर्मदाकाठच्या लढ्याचा मोठा वाटा आहे, याचा मला अभिमान वाटतो. पण पॅनेल फक्त चौकशी करते. भरपाईचा आदेश देऊ शकत नाही. कोर्टाची वाटही अवघडच. गुजरातेतील मुंद्र्याजवळच्या मच्छीमारांनी वीज प्रकल्पाला दिलेल्या कर्जावरून केलेल्या दाव्यात आयएफसी या खासगी प्रकल्पांना कर्ज देणाऱ्या, बँकेच्या भावंड संस्थेला संपूर्ण कायदेशीर संरक्षण नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. तरीही पुढे खालच्या न्यायालयात दावा टिकला नाही.

बँकेची घटना बदलायला ८५ टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे सुमारे १६ टक्के आहेत, म्हणजे तिच्या होकाराशिवाय बदल होत नाही. तो तिढा लवकर सुटेल असे दिसत नाही. पण ग्रामसभेची लेखी संमती असल्याशिवाय विस्थापन करणाऱ्या प्रकल्पाला कर्ज नाही आणि पॅनेलने दोष दाखवल्यास भरपाई बंधनकारक, हे दोन नियम संचालक मंडळात मांडायला आपल्याला कोणी अडवलेले नाही. भारताचा कार्यकारी संचालक तिथे बसतो. नंदुरबार, धुळे, जळगाव, रावेरच्या खासदारांनी ही मागणी अर्थमंत्र्यांकडे लेखी करावी.

आपला,
एक वाचक, शहादा (जि. नंदुरबार)