‘धुळ्याले ली जा’ म्हणणाऱ्या डॉक्टरांचं काय करायचं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आपल्या अंकात सर्पदंशाच्या बातम्या येऊ लागतात आणि पाठोपाठ एखाद्या दवाखान्याच्या तोडफोडीचीही येते. मी शिरपूर तालुक्यात सरकारी परिचारिका होते, आता निवृत्त आहे. या दोन बातम्यांच्या मध्ये जे घडतं ते छापून येत नाही. ते म्हणजे रेफर, उपचार न करताच मोठ्या दवाखान्यात पाठवणं.

गेल्या खरिपात माझ्या दिराच्या नातवाला कपाशी निंदताना घोणस चावली. जवळच्याच खासगी दवाखान्यात नेलं. पाय सुजलेला, हिरड्यांतून रक्त. तिथल्या फ्रीजमध्ये सापाच्या विषावरचं इंजेक्शन होतं. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि म्हणाले, ‘याले धुळ्याले ली जा.’ पोचेपर्यंत पोराची लघवी लाल झाली होती. तो वाचला, पण डायलिसिसच्या चकरा घरानं बऱ्याच दिवस मारल्या. पुढे मी त्या डॉक्टरांना गाठून विचारलंच. ‘सिस्टर, त्या इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन येऊन पोरगं गेलं असतं तर तुमच्याच लोकांनी काचा फोडल्या असत्या,’ ते म्हणाले. मला राग आला, पण ते खोटं बोलत नव्हते.

वास्तविक अशा वेळी काय करायचं हे केंद्र सरकारच्या उपचार-सूचनांमध्ये लिहिलेलं आहे. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घ्या, वीस मिनिटं हलवू नका, मग तिरपी करा. रक्त गोठलं नसेल तर विष भिनलंय. विषावरच्या इंजेक्शनच्या दहा व्हायल्स, म्हणजे बाटल्या, सलाईनमधून तासाभरात द्या. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण मूल बघून साप विष कमी सोडत नाही. टेस्ट डोस देऊ नका, रिअ‍ॅक्शन आली तर लागणारं अ‍ॅड्रिनॅलिन भरून हाताशी ठेवा. मण्यार असेल तर चावल्याची खूणही नीट दिसत नाही, नुसतं पोट दुखतं आणि पापण्या जड होतात. त्याचंही त्यात आहे. पहिला डोस द्यायला मोठं हॉस्पिटल लागत नाही. तो देऊन मग खुशाल पाठवा.

कायद्यानं डॉक्टरांना अगदी उघड्यावर टाकलंय असंही नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की घोर निष्काळजीपणा असेल तरच फौजदारी, आणि त्याआधी पोलिसांनी तटस्थ डॉक्टरचं मत घ्यावं. नव्या न्याय संहितेत निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर इतरांना पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, डॉक्टरांना दोनपर्यंत. दवाखान्यावरचा हल्ला आपल्या राज्यात २०१० पासून अजामीनपात्र गुन्हा आहे. तरी भीती जात नाही, कारण ‘मी बरोबर वागलो’ हे ठरायला वर्षं लागतात.

आणि रुग्णाच्या हातात काय आहे? सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानं खासगी दवाखाने ग्राहक कायद्यात आले. पण जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात, ते सरकारी दवाखाने त्यातून वगळलेले. म्हणजे सातपुड्यातल्या पाड्यावरच्या माणसाला ग्राहक आयोगाचं दारच नाही. त्यानं दिवाणी कोर्टात जायचं. कोण जातो?

म्हणून माझी मागणी अशी. सरकारनं जाहीर केलेल्या सूचनेप्रमाणे उपचार केल्याचं केस पेपरवर दिसत असेल, तर त्या डॉक्टरवर ना पोलीस केस व्हावी ना भरपाईचा दावा. सूचना डावलली आणि कारणही लिहिलं नाही, तर मात्र आपली चूक नव्हती हे डॉक्टरनं सिद्ध करावं, मग दवाखाना सरकारी असो की खासगी. विनाकारण रेफर हेही डावलणंच धरावं. माझा भाचा वकील आहे. तो सांगतो, अमेरिकेतल्या मेन राज्यात १९९० च्या सुमारास काही शाखांच्या डॉक्टरांसाठी असा प्रयोग झाला होता. पण तिथे ती सूचना फक्त डॉक्टरला बचावासाठी वापरता यायची, रुग्णाला नाही. तसली एकतर्फी सोय आपल्याला नको.

डॉक्टर म्हणतील, प्रत्येक पेशंट वेगळा, पुस्तकावर बोट ठेवून इलाज होत नाही. मान्य. मग वेगळं काय दिसलं ते दोन ओळींत लिहा. केस पेपर मागितल्यावर ७२ तासांत द्यायचा नियम २००२ पासून आहेच. तो मागायला गेलेल्यांना ‘उद्या या’ हेच उत्तर मिळताना मी पाहिलंय.

सर्पदंशाच्या सूचना मराठीत, मोठ्या अक्षरात, दवाखान्याच्या बाहेरच्या भिंतीवर लावाव्यात. माझ्या नोकरीत इंग्रजी तक्ता इंजेक्शन रूमच्या दारामागे असायचा आणि दार दिवसभर उघडंच असायचं, त्यामुळे तो कोणालाच दिसायचा नाही. धुळे, नंदुरबार, जळगावच्या डॉक्टर मंडळींनी यावर याच सदरात लिहावं. विरोध असला तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
ता. शिरपूर, जि. धुळे