ताई, खांबांच्या रांगांबद्दल आभार

प्रिय ताई,

प्रबंधात आभाराच्या पानावर तुझ्या वाट्याला एखादी ओळ येईल. तेवढ्यात भागणार नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

बारीक कण आकारानुसार वेगळे करायचे म्हटल्यावर माझ्या डोक्यात चाळणीच होती. ती तू आधी काढून टाकलीस. आपल्या चिपमध्ये, म्हणजे सूक्ष्म खांबांमधून द्रव वाहतो त्या छोट्या पट्टीत, दोन खांबांमधली फट 10 मायक्रॉनची, आणि कण 3 नि 6 मायक्रॉनचे. दोन्ही आरामात पार होतात, मग वेगळे होतात कसे? तू कागदावर खांबांच्या रांगा काढल्यास, प्रत्येक रांग आधीच्या रांगेपेक्षा जराशी सरकवलेली, आणि म्हणालीस, "कणाकडे बघू नकोस, त्याचा मध्य द्रवाच्या कुठल्या धारेत आहे ते बघ." लहान कणाचा मध्य खांबाला लगटून जाणाऱ्या धारेत मावतो, तो तिच्याबरोबर नागमोडी, पण एकंदरीत सरळच जातो. मोठ्याचा मध्य तेवढा जवळ येऊच शकत नाही. दर खांबापाशी तो शेजारच्या धारेत ढकलला जातो आणि तिरका सरकत राहतो.

प्रिन्स्टनच्या गटाने ही युक्ती 2004 साली मांडली, हे मी वाचलं होतं. कुठल्या आकारापासून कण तिरका जाईल ते सांगणारं डेव्हिसचं सूत्रही पाठ होतं: फटीला 1.4 ने गुणायचं, मग सरकण्याच्या गुणोत्तराच्या (रांग जेवढी सरकते भागिले दोन खांबांच्या मध्यांमधलं अंतर) 0.48 व्या घाताने. आपलं गुणोत्तर 0.1, म्हणजे सीमा साधारण 4.6 मायक्रॉन. आकडा येत होता, पण तो तिथेच का येतो हे तुझ्या त्या चित्राने कळलं.

आणि चिपमध्ये अडकणारे हवेचे बुडबुडे! याबद्दल पेपरात कुणी धड लिहीत नाही. कोरड्या चिपमध्ये आधी इथेनॉल सोडायचं, मग हवा काढलेलं बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण), कण चिकटू नयेत म्हणून त्यात किंचित ट्वीन 20 हे साबणासारखं द्रव्य, आणि सिरिंज बदलताना नळीच्या टोकाशी थेंब लटकलेला असल्याशिवाय जोडायचीच नाही. तो थेंब मी अजून डोळे बारीक करून तपासते. सूत्रापेक्षा यानेच माझं काम जास्त वाचवलं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता रक्त घ्यायचं आहे. तांबड्या पेशी 8 मायक्रॉन रुंद, पण जाडीला 2 च्या आसपास, वर लवचीक. गोल कणांसाठीचं ते सूत्र इथे सरळ लागू होणार नाही. उथळ चॅनेल केली तर पेशी आडव्या राहतील का, यावर तुझ्याशी बोलायचं आहे. या आठवड्यात कधी मोकळी आहेस ते कळव. कागद मी आणते.

तुझी,
लॅबमधली धाकटी