लँडलाइन फायबरवर आणून देणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

सदाशिव पेठेत आमच्या घरी फायबर जोडून गेलात, त्याबद्दल हे पत्र. नाव लिहीत नाही, वाचलंत तर ओळखालच.

तांब्याची लाइन पावसाळ्यात खरखरायची आणि रस्ता खोदला की मरायची. पुण्यात रस्ता कधी खोदत नाहीत ते सांगा! म्हणून बदलायचं ठरवलं. कनेक्शन विकायला आलेल्या मुलानं स्पीड सांगितला, ओटीटी सांगितलं, फ्री कॉलिंग सांगितलं. पण "काकू, लाइट गेली की हा फोनही बंद पडणार" हे सांगितलंत ते तुम्ही.

जुन्या फोनला लागणारी 48 व्होल्टची वीज एक्स्चेंजमधूनच त्याच तारेवर यायची, म्हणून अंधारातही डायल टोन असायचा, हे मला तेव्हा कळलं. फायबर म्हणजे काच. तिच्यातून उजेड जातो, वीज नाही. फायबर ज्यात येऊन जोडलं जातं तो भिंतीवरचा डबा चालतो घरच्या विजेवर. आमच्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. मोबाइलला हात लावत नाहीत आणि दुपारभर घरात एकट्या असतात. त्यात गुरुवार म्हणजे महावितरणच्या कामांचा, लाइट जाण्याचा वार. तुम्ही बोलला नसतात, तर ही माहिती आम्हाला नेमकी एखाद्या गुरुवारीच मिळाली असती. "12 व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या, डब्यामागचा अँपिअरचा आकडा बघून घ्या, तपकीर गल्लीत मिळेल," म्हणालात. स्वतः आणून देतो म्हणाला असतात, तर चार पैसे सुटले असते तुम्हाला, पण तो विषयच काढला नाहीत. यूपीएस आणलाय, लाइट गेली तरी फोन चालतो.

सासूबाईंचा हट्ट होता की फोन त्यांच्या पलंगाशीच हवा आणि स्वयंपाकघरातही वाजायला हवा. डबा तर बाहेरच्या खोलीत. दुसरा कुणी असता तर "कॉर्डलेस घ्या" म्हणून निघून गेला असता. तुम्ही बाहेरून आलेली तांब्याच्या तारांची जोडी आधी सोडवली आणि डब्याच्या फोन पोर्टमधून घरातल्या जुन्या वायरिंगला जोड दिलात. दोन्ही फोन वाजले. पलंगाजवळच्या फोनवरून नंबर मात्र लागेना. तुम्ही तो उलटा केलात आणि बुडाशी असलेलं बारकं बटण 'पी'वरून 'टी'वर, म्हणजे जुन्या पल्स डायलिंगवरून टोन डायलिंगवर, सरकवलंत. इतकी वर्षं त्या बटणावरची धूळ पुसतोय आम्ही, ते कशाचं आहे हे कुणी विचारलं नव्हतं.

नंबर तोच राहिला, चोवीसनं सुरू होणारा. सासूबाईंच्या दृष्टीनं काही बदललेलंच नाही. "एवढा वेळ तो मुलगा करत काय होता?" असं त्यांनी मला विचारलं, ही तुमच्या कामाला मिळालेली पावती समजा.

खालच्या मजल्यावरचेही आता फायबर घेताहेत. तुम्हालाच पाठवा म्हणून ऑफिसात सांगून पाहिलं, तसं होत नाही म्हणाले. तरी या बाजूला आलात तर बेल वाजवा, मोबाइलला हात न लावणाऱ्या सासूबाईंना आता तुम्हाला नातवाला व्हिडिओ कॉल कसा लावायचा ते विचारायचंय. मी सांगितलेलं त्यांना पटत नाही.

आपली,
सदाशिव पेठेतल्या काकू