मेन स्विच पाडून तपासणी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर तालुका पातळीवरच्या रुग्णालयांची तयारी झाली असे सांगितले जाते, तेव्हा बहुतेक वेळा खाटा आणि ऑक्सिजनचे सिलिंडर मोजलेले असतात. पण ते सिलिंडर किती तास पुरतील, हा आकडा कुठेच लिहिलेला नसतो.

आपल्या सीमाभागात तोच आकडा महत्त्वाचा आहे. २०१९ आणि २०२१ साली वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले आणि निपाणीहून कोल्हापूरला जायची वाट बंद झाली. कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, कल्लोळ-येडूर हे पूल तर पूर आला की पाण्याखाली जातातच. एरवी अवघड रुग्ण कोल्हापूर-बेळगावला पाठवून भागते. पुरात त्याला आहे तिथेच निदान दोन दिवस सांभाळावे लागते.

मोठ्या, म्हणजे डी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे ७००० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला ५ लिटर असे चार रुग्ण धरले तर तासाला १२०० लिटर लागतात, म्हणजे एक सिलिंडर सहा तासही जात नाही. ४८ तासांना नऊ लागतील. गळती धरून अकरा ठेवावेत, तेही पूर्ण भरलेले. भरलेल्या सिलिंडरचा गेज १५० बारच्या (दाबाचे एकक) आसपास असतो. ७५ दिसला तर तो निम्मा संपला आहे. रुग्णवाहिकेतला बी टाइप १५०० लिटरचा, मिनिटाला १० लिटरने अडीच तासांत रिकामा होतो. लांबून वळसा घालून जायचे तर दुसरा सोबत हवाच.

ऑक्सिजन प्लांट आहे म्हणून निर्धास्त राहू नये. पीएसए, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारा प्लांट विजेवर चालतो आणि त्याचा कॉम्प्रेसर मोठा लोड घेतो. जनरेटर प्लांट येण्यापूर्वीचा, त्याचा लोड न धरता घेतलेला असेल, तर वॉर्ड आणि प्लांट मिळून तो ट्रिप होण्याचा धोका असतो. शिवाय प्लांट महिनोन्‌महिने बंद राहिला की आतल्या झिओलाइटला (नायट्रोजन शोषणाऱ्या खड्यांना) ओल लागते आणि ऑक्सिजनची शुद्धता ९० टक्क्यांच्या खाली घसरू शकते. तो नियमित चालवून अ‍ॅनालायझरवर शुद्धता पाहिली पाहिजे.

जनरेटरची तपासणी अनेक ठिकाणी नुसते इंजिन सुरू करून होते आणि रजिस्टरवर सही पडते. लोड नसताना कुठलेही इंजिन चालेल! आठवड्यातून एकदा मेन स्विच पाडून, खरा लोड देऊन अर्धा तास चालवा. त्यात बॅटरी उतरलेली, डिझेल फिल्टर तुंबलेला, वीज जाताच लोड जनरेटरवर वळवणारा ऑटो चेंजओव्हर अडकलेला, सगळे उघडे पडते. जनरेटर आणि पॅनेल मागच्या पुराच्या खुणेपेक्षा वर आहेत का, हेही पाहा. त्याच अर्ध्या तासात लसींच्या आयएलआरचे (बर्फाचे अस्तर असलेल्या फ्रिजचे) तापमान २ ते ८ अंशांतच राहते का, याची नोंद घ्यावी. तेवढ्यासाठी दार उघडू नये.

क्षुल्लक वाटणाऱ्या दोन गोष्टींवरही जीव अवलंबून असतो. सिलिंडर उघडायचा पाना साखळीने मॅनिफोल्डलाच (सिलिंडर जोडलेल्या नळीच्या सांगाड्यालाच) बांधलेला हवा, रात्रपाळीत तो शोधत बसायला वेळ नसतो. आणि सांध्यांची गळती साबणाच्या पाण्यानेच तपासावी. तेल किंवा ग्रीस कदापि लावू नये, ऑक्सिजनच्या दाबाखाली ते पेट घेते.

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी मेअखेरपर्यंत प्रत्येक रुग्णालयात स्वतः उभे राहून मेन स्विच पाडावा आणि ऑक्सिजन व डिझेल किती तासांचे आहे, तो आकडा दर्शनी फलकावर लावावा, ही आमची मागणी आहे.

आपले,
रुग्णालयीन उपकरणांची देखभाल करणारे काही तंत्रज्ञ व परिचारिका, निपाणी